काय वाचवायचं ते आधी ठरवा

आमच्या नृसिंहवाडीत पुराचं पाणी उतरलं की घरातून पहिल्यांदा गाद्या बाहेर येतात, मग धान्याची पोती, मग कपाटं आणि सगळ्यात शेवटी सायकली. गादी उन्हात टाकावी लागते, भिजलेलं धान्य फेकावं लागतं. सायकल भिंतीला टेकवून ठेवली तर कुणाचं काही अडत नाही. पाइप लावून चिखल धुतला की ती वरून बरी दिसते. तिच्या पोटात काय चाललंय हे वर्षा-दोन वर्षांनी कळतं. कुणीतरी ती चालवायला काढतं, पाय टाकतं आणि पायडल जागचं हलत नाही. मग ती माझ्या पडवीत येते.

मी साखर कारखान्यात मिल फिटर होतो. निवृत्त झाल्यावर पडवीत एक शेगडा (व्हाइस) बसवला आणि जुन्या सायकली उघडायला लागलो. पंक्चर, ब्रेकचे रबर, आउट काढणं ही कामं मी घेत नाही. त्याला दुकानं आहेत आणि त्या पोरांचं पोट त्यावर आहे. माझ्याकडे येतात त्या दुकानदारांनी हात जोडलेल्या सायकली. काळ्या, उभ्या हँडलच्या, सळ्यांच्या ब्रेकच्या. त्यांना रंग देणं, चकचकीत करणं हे सगळ्यात सोपं काम. खरं काम त्या सुट्या करण्याचं.

नृसिंहवाडी कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर आहे. पावसाळ्यात कृष्णा फुगली की पंचगंगेला पुढं सरकायला जागा मिळत नाही, ती तुंबते आणि दोन्ही नद्या मिळून शिरोळ तालुक्यात पसरतात. दत्ताच्या देवळात पाणी येणं आम्हाला नवीन नाही. उत्तरेच्या दारानं आत आलेलं पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वार सोहळ्याला लांबून लांबून लोक स्नानाला येतात. पाणी चढत गेलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात, घाटाजवळचे दुकानदार पेढ्या-बर्फीची कपाटं उचलतात. कुठल्या पायरीला पाणी लागलं की काय हलवायचं, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनी हे सगळे हिशोब मोडले. पाणी घरात शिरलं आणि दिवसेंदिवस मुक्कामाला राहिलं. त्या पाण्यात बुडालेल्या सायकली अजून माझ्याकडे येतात.

पावसात भिजून गंजलेली सायकल वेगळी आणि पुरात बुडालेली वेगळी. पुराचं पाणी एकटं येत नाही, गाळ घेऊन येतं. आपल्या काळ्या रानाची माती इतकी बारीक, की सीट पिलरच्या मागच्या फटीतून, हबच्या तेलाच्या भोकातून, कपाच्या कडेनं ती आत शिरते. पाणी निघून जातं, गाळ राहतो. तो ओल धरून ठेवतो, आणि जिथं ओल तिथं गंज. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये जागा असते केसाएवढी. तेवढ्यात तो फुगून बसला की दोन्ही भाग एकमेकांना आतून आवळून धरतात. वरून पाना लावून कितीही जोर करा, तुम्ही त्या फुगलेल्या गंजाशी झुंजत असता.

जोर कधी करायचा हे मी कारखान्यात शिकलो. गळीत हंगाम संपला की ऑफ सीझनला अख्खी मिल खोलायची. उसाच्या रसात आणि बगॅसमध्ये महिनोन्‌महिने चाललेले बोल्ट, चिकटलेले बेअरिंग, तापवून चढवलेले रोलर. खोलायची घाई सगळ्यांनाच असायची, कारण पुढच्या हंगामाची तारीख ठरलेली. आमचे हेड फिटर मात्र नव्या पोराच्या हातात हातोडा लगेच द्यायचे नाहीत. आधी विचारायचे, "ह्या दोघांतलं कुणाला मारायचं?" पोरगं गोंधळायचं. मग सांगायचे, "दोन भाग एकमेकांत अडकल्यात. त्यातला एक म्हाग, एक स्वस्त. निघाले दोन्ही तर देवाची किरपा. न्हाई निघाले तर स्वस्तातला मेला पायजे. ते आधी ठरीव, मग हातोडा उचल."

सायकलीला हा नियम जसाच्या तसा लागू पडतो. कॉटर आणि क्रँक अडकले तर कॉटर मारायचा. नट आणि अ‍ॅक्सल अडकले तर नट मारायचा. सीट पिलर फ्रेममध्ये अडकला तर पिलर मारायचा, कारण पिलर दुकानात मिळतो आणि फ्रेम गेली तर सायकलच गेली. ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी, की महाग कोण आणि स्वस्त कोण हे दरवेळी किमतीवरून ठरत नाही.

गेल्या पावसाळ्याआधी औरवाडचे एक शेतकरी सायकल घेऊन आले. औरवाड म्हणजे नदीपलीकडचं गाव, तिथंही पुराची तीच कथा. सायकल त्यांच्या वडिलांची. हँडलखाली पितळी बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं दिसलं आणि मी ओळखलं, रॅले आहे. चेनचक्र काळ्या मातीनं भरलेलं होतं; बोटानं माती काढली तर त्यातही बगळे कापलेले. दोन पुरांत गोठ्यात बुडालेली ही सायकल. मागचं चाक जॅम, क्रँक जॅम, सीट फिरत नव्हती, हँडल सरळ करायला गेलं तर चिमट्यासकट एकत्र वळत होतं.

माझी पद्धत अशी, की पाना लावायच्या आधी मालकाला एक प्रश्न विचारायचा: यातलं काय गेलेलं चालेल? मी मनात माझी यादी केलेली असते. त्या सायकलीत माझ्या यादीत पहिलं होतं चेनचक्र, मग बिल्ला, मग कप. मागचं कॅरेज मी हिशोबातच धरलं नव्हतं. मूळ कॅरेजला गावातल्या लोहारानं दोन्ही बाजूंना जाड पट्टीचे आकडे रिपीट मारून बसवलेले. वेडेवाकडे, जड आणि गंजून काळे पडलेले.

ते म्हणाले, "अण्णा, बाकीचं काय बी टाका. कॅरेज तेवढं ठेवा."

"ह्या आकड्यांचं?"

"व्हय. त्येलाच दुधाच्या किटल्या अडकवून वडील रोज कुरुंदवाडला जायचे. आम्हा भावंडांची शाळा त्या आकड्यांवर झाली."

मी यादी उलटी केली. माझ्या दृष्टीनं रॅलेच्या बगळ्यांना मोल होतं, त्यांच्या दृष्टीनं लोहाराच्या आकड्यांना. कुणाला मारायचं हे फिटरनं ठरवायचं असतं, पण मालकाला विचारून. कारखान्यात मालक म्हणजे कारखाना, तो एकच, म्हणून हा भाग मला तिथं कधी शिकावा लागला नाही.

आता कामाचं सांगतो. पहिलं काम तेल. रॉकेल पूर्वी घरोघरी असायचं, आता सहजी मिळत नाही, म्हणून मी डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळतो. तयार स्प्रेचे डबे मिळतात तेही वापरतो. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध डब्ल्यूडी-40 हा अमेरिकेत 1953 मध्ये क्षेपणास्त्रावरचं पाणी हटवायला बनवला, आणि त्या क्षेपणास्त्राचं नाव होतं अ‍ॅटलस. आपल्याकडच्या अ‍ॅटलस सायकलवर तो मारताना मला याची गंमत वाटते. डबा कुठलाही घ्या, तेल आत जायला वेळ लागतो. तेल सोडायचं, छोट्या हातोडीनं कडेनं टकटक करायची म्हणजे गंजाला बारीक चिरा जातात, पुन्हा तेल सोडायचं आणि रात्रभर विसरायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जयसिंगपूरचा एक कॉलेजचा मुलगा मला मोबाइलवर कोल्ड्रिंकमध्ये नट बुडवायचे व्हिडिओ दाखवतो. मी त्याला सांगतो, त्यात आम्ल असतं, वरचा गंज थोडा जाईल, पण साखर चिकटून बसेल ती कोण काढणार? साखरेचा चिकटा काय असतो हे मला विचार.

दुसरं, दिशा. निम्मे भाग अडकलेले नसतातच, लोक ते उलट्या दिशेनं आवळत असतात. डावं पायडल डाव्या आट्यांचं असतं. सोडवायला घड्याळाच्या दिशेनं फिरवायचं. चेनच्या बाजूचा बीबी कपही (क्रँकचा धुरा ज्यात फिरतो तो) डाव्या आट्यांचा. पायडल मारताना दाब एका जागी राहत नाही, तो गोल फिरत राहतो, आणि फिरता दाब आतल्या भागाला हळूहळू उलट दिशेनं सरकवतो. उजवे आटे दिले असते तर चालवता चालवता डावं पायडल आपोआप सुटून पडलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या सायकलींच्या कपावर छिन्नीचे घाव असतात आणि ते बहुतेक वेळा चुकीच्या दिशेचे असतात. त्या माणसानं घाम गाळून तो कप अजून घट्ट केलेला असतो.

तिसरा, आणि माझ्या मते जुन्या सायकलीतला सगळ्यात बदनाम भाग, म्हणजे कॉटर. क्रँक आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये आडवा घुसवलेला तीन सुताचा पाचरीसारखा खिळा, त्याच्या बारीक टोकाला आटे आणि नट. किंमत किरकोळ. पण तो काढताना लोक काय करतात? नट पूर्ण काढून टाकतात आणि आट्यांवर हातोडीचे हलके हलके घाव घालतात. चार घावांत टोक वाकतं, सहा घावांत छत्रीसारखं पसरतं, आणि मग तो कॉटर ना पुढं जातो ना मागं. शिवाय क्रँकला खालून आधार नसला तर प्रत्येक घाव अ‍ॅक्सलमधून छर्‍यांवर जातो आणि छर्रे कपात रुततात. कॉटर निघतो, पण कपाला खड्डे पडलेले असतात. स्वस्तातला वाचवायच्या नादात महागातला मारला, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

मी असं करतो. नट काढत नाही, आट्यांच्या टोकाशी समपातळी येईपर्यंत उलटा फिरवतो, म्हणजे घाव नट आणि आटे दोघांवर मिळून बसतो. क्रँकच्या खाली, कॉटरच्या डोक्याभोवती बसेल असा जाड पाइपचा तुकडा उभा करतो. त्याचं दुसरं टोक थेट फरशीवर. वरून नटावर पितळेचा ठोकळा धरायचा, दोन पौंडी हातोडा घ्यायचा आणि एकच घाव घालायचा, पण पूर्ण. लहान लहान घावांनी कॉटर वाकतो, एका मोठ्या घावानं सरकतो. निघाला तर आवाजच सांगतो: आधीचा ठण् असा घट्ट आवाज बदलून मऊ थप्प असा येतो. दोन-तीन प्रयत्नांत निघाला नाही तर मी पुढं हट्ट करत नाही. टोक करवतीनं कापतो, मधोमध पंच मारून ड्रिलनं पोखरतो, म्हणजे कॉटर आतून पोकळ होऊन ढिला पडतो. कॉटर मेला, क्रँक वाचली. औरवाडच्या रॅलेचा डावा कॉटर घावानं निघाला, उजवा पोखरावा लागला. बगळ्यांना धक्का लागला नाही.

मग कप. भारतात बनलेल्या बहुतेक सायकलींचे कप बीएसएच्या मापाचे, इंचाला 24 आटे. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅमची बंदुका बनवणारी कंपनी. सायकलचे सुटे भाग बनवायला लागल्यावर तिचं माप जगभर पसरलं, आणि तिच्या सायकलवर तीन बंदुकांची खूण असायची. हर्क्युलिस, बीएसए या सायकली बनवणारा मद्रासचा टीआय कारखाना 1949 चा, अ‍ॅटलस 1951 ची, हीरो 1956 ची. यांचे कप एकमेकांना चालतात आणि सांगली, इचलकरंजीच्या बाजारात मिळतात. नॉटिंगहॅमच्या रॅलेनं मात्र स्वतःचं वेगळं माप ठेवलं, इंचाला 26 आटे. बाजारातला कप त्यात दोन फेऱ्या जातो आणि अडतो. जोर केला तर फ्रेमचे आटे जातात. म्हणून हीरोचा अडकलेला कप मी छिन्नीनं निर्धास्त काढतो आणि टाकतो, पण रॅलेचा कप वाचवावा लागतो. तोच भाग, तीच किंमत. पण एका सायकलीत स्वस्त, दुसरीत सोन्याच्या मोलाचा.

कप काढायची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. चेनच्या बाजूच्या कपाच्या दोन चपट्या कडा इतक्या अरुंद असतात की पाना हमखास निसटतो. पाच सुताचा एक बोल्ट आतल्या बाजूनं कपाच्या भोकातून बाहेर काढायचा, दोन्हीकडे जाड वायसर टाकायचे आणि बाहेरून नट आवळायचा. आवळत जायचं. एका क्षणी नट आणि कप इतके घट्ट होतात की नट फिरायला कपासकटच फिरावं लागतं. कपाचे आटे डावे असल्यामुळे आवळायची दिशा हीच सोडायची दिशा ठरते. जितका जास्त आवळाल तितका कप सुटायच्या बाजूला ढकलला जातो. मी हे करताना कुणी शेजारी उभं असेल तर ते म्हणतं, "अहो, तुम्ही तर आवळताय." हलतो तेव्हा मात्र कप एकदम सुटतो आणि फ्रेमच्या नळीतून वाळलेल्या गाळाचा बोळा खाली पडतो. औरवाडच्या सायकलीतून निघालेला गाळ दोन पुरांचा होता: खालचा थर काळा आणि दगडासारखा, वरचा भुरकट.

फ्रीव्हील काढताना एकच गोष्ट लक्षात ठेवायची: आरे कापायचे नाहीत. जुनं चाक पाहिलं की लोकांना आधी गंजलेले आरे कापून रिम वेगळी करायची घाई होते. पण फ्रीव्हील हबवर उजव्या आट्यांनी चढवलेलं असतं आणि प्रत्येक पायडलनं ते वर्षानुवर्षं आवळत गेलेलं असतं. ते सोडवायला लांब दांडा लागतो आणि तो दांडा तुमच्या हातातच असतो, अठ्ठावीस इंची चाक. फ्रीव्हीलचा ओपनर शेगड्यात पक्का धरायचा, चाक आडवं करून फ्रीव्हीलच्या खाचा त्यावर बसवायच्या, ओपनर सुटू नये म्हणून अ‍ॅक्सलचा नट हलका टेकवायचा आणि रिम दोन्ही हातांनी धरून ट्रकचं स्टिअरिंग वळवावं तशी डावीकडे वळवायची. एक कर्र असा आवाज येतो आणि फ्रीव्हील सुटतं. आरे आधी कापले असते तर हातात फक्त वीतभर हब उरला असता. मागच्या चाकाचे 40 आणि पुढच्याचे 32 आरे नंतर सावकाश बदलता येतात. फ्रीव्हीलच्या खाचाच तुटल्या असतील तर त्याचं वरचं झाकण डाव्या आट्यांचं असतं, ते पंचनं उलट ठोकून काढायचं, आतले बारीक छर्रे, कुत्रे सगळं बाहेर येतं आणि उरलेला गाभा शेगड्यात धरून पुन्हा चाक वळवायचं. फ्रीव्हील मेलं, हब वाचला.

सीट पिलरला ओढायचं नाही, पिळायचं. आधी कप काढलेले असले की सायकल उलटी टांगायची आणि खालच्या बाजूनं नळीत डिझेल सोडायचं; ते सरळ पिलरच्या बुडाशी जाऊन बसतं. एक-दोन रात्रींनंतर पिलर शेगड्यात तांब्याच्या पट्ट्या लावून धरायचा आणि अख्खी फ्रेम वळवायची. फ्रेमचा लांब आडवा दांडा हाच पाना. निघाला नाही तर पिलर वर कापायचा, करवतीचं पातं आतून घालून त्याला उभी चीर द्यायची आणि तो आतल्या आत मिटवून काढायचा. वेळखाऊ काम आहे, पण नळीला ओरखडा येत नाही.

आता राहिलं कॅरेज. माझ्या नेहमीच्या हिशोबात त्याचे नट-बोल्ट करवतीनं कापून पाच मिनिटांत सगळं भंगारात गेलं असतं. इथं सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला. कॅरेजचे पाय मागच्या अ‍ॅक्सलवर आणि सीटखालच्या बोल्टवर धरलेले होते. सीटखालचे नट चौकोनी, गंजून गोल झालेले. पाना कुठं लावायचा हेच कळेना. असल्या नटाला पर्याय म्हणजे आच. ब्लो लॅम्पनं नट लाल होईपर्यंत तापवायचा. लोखंड तापलं की पसरतं, गंजाची पकड मोडते आणि नट थंड होताना मेणबत्ती टेकवली तर मेण आत ओढलं जातं. पण सीटखालच्या बोल्टजवळ फ्रेमच्या नळ्या पितळेनं झाळलेल्या असतात. आच जास्त लागली की तो जोड कमजोर होतो. मागच्या हबजवळ आच नेली तर छर्‍यांचा कडकपणा जातो. म्हणून आच बाजूला ठेवली. प्रत्येक नटाला बोल्टला समांतर करवतीनं एक खाच मारली, आट्यांपर्यंत पोहोचायच्या किंचित आधी थांबलो, आणि खाचेत छिन्नी घालून पिळली. नट उकलला. बोल्ट, अ‍ॅक्सल आणि कॅरेज तिन्ही शाबूत. आकड्यांचे रिपीट मी उघडलेच नाहीत. लोहाराच्या हाताचं काम होतं, ते जागेवरच तारेच्या ब्रशनं साफ केलं आणि त्यावर जवसाचं तेल चोळलं, म्हणजे रंगाखाली ते लपणार नाही.

आमच्या भागाला लोखंडाची आणि सायकलीची नाती नवी नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढं लोखंडी नांगर बनवले आणि 1910 मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले फाउंड्रीवाले, ऑइल इंजिनवाले, सगळे त्याच परंपरेतले. त्या पिढीच्या कारागिरांना सुटा भाग हवा तेव्हा बाजारात मिळत नसे, म्हणून काढताना तो मोडायचा नाही ही शिस्त त्यांना होती. आज बाजारात भाग मिळतात म्हणून आपण मोडायला मोकळे झालो. मिळतं ते मोडायला माझी हरकत नाही. कॉटर, नट, आरे, फ्रीव्हील मी रोज मोडतो. पण मोडायच्या आधी ते मिळतं का हे विचारायचं, आणि मालकाला ते लागतं का हेही.

औरवाडची सायकल आता फिरते. चेनचक्र मूळचं, कप मूळचे, क्रँक मूळची. क्रँकचा अ‍ॅक्सल, कॉटर, फ्रीव्हील, सगळे आरे आणि पिलर नवे. सीट पुरात सडली होती, ती बदलली. बिल्ल्याच्या मागच्या नळीला गंजानं भोक पडलं होतं, म्हणून बिल्ला पितळी चकतीवर झाळून बसवला. मालकांनी बगळ्याकडे फारसं पाहिलं नाही. कॅरेजच्या आकड्याला हात घालून हलवून पाहिलं, घट्ट आहे का. मग म्हणाले, "किटली न्हाई, पण वैरणीची पेंडी बसंल."

लोक विचारतात, अण्णा, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं? उत्तर सोपं आहे आणि मुहूर्तही ठरलेला आहे. पावसाळा संपला की दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी येते. आपण त्या दिवशी सायकल धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. हार घालायच्या आधी अर्धा तास काढा. सीट पिलर पूर्ण बाहेर काढून पुसा, ग्रीस लावून परत बसवा. हँडलचा बोल्ट दोन फेऱ्या सोडून वरून ठोका, हँडल हलवून पाहा आणि आवळा. दोन्ही पायडलं काढून आट्यांना ग्रीस द्या. डावं उलट्या दिशेनं सुटतं हे विसरू नका. त्या वर्षी सायकल पुरात गेली असेल तर दसऱ्याची वाट पाहू नका. पाणी उतरल्या उतरल्या बीबी खोलून गाळ काढा, नाहीतर तो तिथंच वाळून दगड होईल. दरवर्षी उघडलेला भाग अडकत नाही, आणि अडकला नाही की कुणाला मारायचं हा प्रश्नच येत नाही.

पुढच्या पुराला सायकल माडीवर नेता आली तर उत्तमच. नाही नेता आली, तरी एवढं केलं असेल तर ती माझ्याकडे आणायची गरज पडणार नाही. माझं गिऱ्हाईक कमी होईल, ते चालेल.